कादंबरी लिहायचीय पण प्लॉट हलत नाही आणि वेळ मिळत नाही: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती आटपले की, आणि नंतर परत पाऊस तोंडावर आला की मला एकाच चालीचे मेसेज यायला लागतात. कादंबरी डोक्यात आहे, पुढे सरकत नाही, बसायला वेळ नाही. पाठवणारे देवगड, राजापूर, गुहागर, श्रीवर्धन असे सगळीकडचे, शिवाय मुंबईतले चाकरमानी. प्रत्येकाला तेच परत टाईप करण्यापेक्षा सगळं एकत्र लिहितेय.

उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच गोष्ट घेतलीय. देवगड तालुक्यातली सामायिक हापूसची बाग, तीन भाऊ, त्यातले दोघं मुंबईला, थोरला गावी. आणि लग्न होऊन कणकवलीला गेलेली बहीण सुलभा, जिची हक्कसोड पत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही हवीय. माणसं काल्पनिक आहेत, तिढा तुमच्या ओळखीचा असेल.

१. माझ्याकडे एक जबरदस्त प्रसंग आहे, त्याची कादंबरी होईल का?

नुसत्या प्रसंगावरून सांगता येत नाही. समजा सुलभा दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात बसलीय, अंगठ्याला शाई लागायची वेळ आली आणि ती उठून निघून गेली. एवढ्यावर चांगली कथा होते. कादंबरी व्हायला त्या उठण्याच्या आधीची वर्षं लागतात आणि त्यानंतर घरातल्या प्रत्येकाचं काय बदललं ते लागतं. थोरल्याचं कर्ज अडलं, त्याच्या मुलाचं लग्न लांबलं, सुलभाच्या सासरी तिच्याकडे बघायची नजर बदलली, असं जर तुमच्या प्रसंगातून फुटत जात असेल तर कादंबरी आहे. नसेल फुटत तर कथा लिहा ना, कथा म्हणजे काही कमी प्रतीचं काम नाही.

२. घटना भरपूर सुचतात पण प्लॉट होत नाही, म्हणजे नेमकं काय कमी पडतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

घटना एकामागून एक आल्या म्हणून प्लॉट होत नाही. वादळ आलं, आजी गेली, मुलगा मुंबईला गेला, बाग विकली, हे सगळं मोठं आहे पण यातलं काहीही कुणी निवडलेलं नाही. प्लॉट तिथे सुरू होतो जिथे एका माणसाला दोन गोष्टी हव्यात आणि त्यातली एकच मिळणार आहे. सुलभाला वाटाही हवाय आणि माहेरही हवंय. सही केली तर वाटा गेला. नाही केली तर गौरीच्या सणाला तिला माहेरी कुणी बोलावणार नाही, आणि आई त्याच घरात आहे.

आता दुसरी बाजू. नवीन लिहिणारे इथे थोरल्या भावाला लोभी करून टाकतात आणि गोष्ट तिथेच बसते. त्याचंही खरं असू दे. वीस वर्षं मोहोरावर फवारणी त्याने केली, राखणीला गुरखा त्याने ठेवला, वाशीच्या दलालाची उचल त्याच्या डोक्यावर आहे, आणि सातबाऱ्यावर एवढी नावं असताना बँक त्याला उभं करत नाही. त्याला सही हवीय कारण त्याशिवाय पुढचा हंगाम उभा राहणार नाही. दोघांचंही खरं असलं की पुढची घटना तुम्हाला ओढून आणावी लागत नाही, ती दोघांच्या वागण्यातून येते.

तपासायला एक सोपं काम करा. लिहिलेल्या घटनांपैकी एक काढून टाका आणि बघा की पुढचं काय कोसळतं. काहीच कोसळलं नाही तर ती घटना कितीही सुंदर असू दे, ती वर्णन आहे. वादळ ठेवायचं तर असं ठेवा की मे २०२१ च्या तौक्तेत उभा आंबा पडला, म्हणून थोरल्याला दोन वर्षं थांबता येईना, म्हणून तो सहीसाठी कणकवलीला गेला. आता वादळ प्लॉटमधे आलं.

३. आधी पूर्ण आराखडा काढायचा की सरळ लिहीत सुटायचं?

ज्यांच्याकडे रोज सकाळचे चार तास मोकळे आहेत त्यांनी लिहीत सुटावं, त्यांना वाट चुकायला परवडतं. पण तुमच्याकडे जर दुकान बंद केल्यावरचा पाऊण तास असेल तर मागचं आठवण्यातच अर्धा तास जातो आणि मग लोक म्हणतात वेळ नाही. माझं ठाम मत आहे की ज्याला वेळ कमी त्याला आराखडा जास्त लागतो. वेळ आणि प्लॉट या दोन वेगळ्या अडचणी नाहीतच, पुढे काय लिहायचं हे माहीत नसलं की मिळालेला वेळही जातो.

आराखडा म्हणजे चाळीस प्रकरणांची यादी नको. तीन गोष्टी कागदावर हव्यात: कुणाला काय हवंय, गोष्ट कुठल्या वर्षी घडते (का ते ८ मधे), आणि कुठली एक गोष्ट झाली की मागे फिरता येणार नाही. आणि उठताना पुढच्या प्रसंगाची एक ओळ लिहून ठेवायची, अशी: 'थोरला सुलभाच्या दारात, हातात आंब्याची पेटी, ती पेटी आत घेत नाही.' दुसऱ्या दिवशी बसलात की लगेच हात चालतो.

४. आंबा, पर्यटक, भातलावणी, गणपती, शिमगा... इथे लिहायला वेळ असतो तरी कधी?

रोज अमुक शब्द लिहा हा सल्ला ज्यांचं वर्ष सपाट असतं त्यांच्यासाठी ठीक आहे. आपलं वर्ष सपाट नाही. मार्च ते मे बागायतदार माणूस झोपतो कधी तेच कळत नाही, मालवण-तारकर्लीला ज्यांचा होमस्टे आहे त्यांची दिवाळी ते मे धावपळ, आणि भात लावणाऱ्याला जूनच्या मध्यापासून पाठ सरळ करता येत नाही. अशा महिन्यात रोज लिहायचा नेम केला की तो मोडतो, आणि मोडला की माणूस कादंबरीच सोडून देतो. म्हणून मी सांगते की वर्ष समोर घ्या आणि काम वाटून टाका.

मच्छीमारांचं उत्तर सगळ्यात सरळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. जाळी दुरुस्ती, इंजिनाचं काम असतं, पण रात्री माणूस घरी असतो आणि पहाटे उठून निघायचं नसतं. कच्चा खर्डा या दोन महिन्यात काढायचा. भातवाल्यांना लावणी आटपल्यापासून गणपतीच्या तयारीपर्यंत थोडे आठवडे मिळतात, बाहेर धो धो पाऊस, कुणी येत नाही जात नाही, ते सोडू नका. बागायतदाराला जून ते सप्टेंबर, खतं घालून झाली की मोहोर यायला अवकाश असतो. पर्यटनवाल्यांचंही जवळपास तसंच.

मग बाकीच्या महिन्यात काय? वाक्यं लिहायला बसावं लागतं, पण प्लॉटचा विचार हात कामात असतानाही होतो. पेट्या भरताना, आंबे पिकायला आडी लावताना, पर्यटकांची वाट बघत स्टेशनवर उभं असताना एकच प्रश्न डोक्यात घेऊन जा, जास्त नको. 'सुलभाने नवऱ्याला हे सांगितलं का?' एवढाच. संध्याकाळी उत्तराची एक ओळ लिहा. आंब्याच्या हंगामात एवढं झालं तरी जूनमधे तुम्ही कोऱ्या पानापाशी बसत नाही.

५. मी बाई आहे, घरात माझा वेळ कुणी वेळ धरतच नाही. ४ मधलं सगळं पुरुषांसाठी झालं ना?

बरोबर आहे. बोटी बंद असल्या तरी चूल बंद नसते, आणि गणपतीत तर बायका पंधरा दिवस आधीपासून जुंपलेल्या असतात, त्यात पापड-लोणची-कोकमं-फणसाची साठं करून विकणाऱ्या असतील तर मे महिना संपत नाही.

तुम्हाला मी हंगाम सांगत नाही, तास सांगते. दुपारी जेवणं झाल्यावर घर झोपतं तो तास. त्या तासात बाकी काहीही करायचं नाही, तांदूळ निवडायचे नाहीत, फोन घ्यायचा नाही. आणि घरात सांगून टाका. 'बघते थोडं लिहून' असं नको, 'दोन ते तीन मी लिहिते' असं. पहिले काही दिवस कुणीतरी हाक मारेलच, चहा मागेल, चावी विचारेल. उठू नका. मला हे फार मनापासून सांगायचंय, कारण माझ्याकडे आलेल्या लिखाणात सगळ्यात जिवंत पानं बायकांची असतात आणि सगळ्यात जास्त अर्धवट सुटलेलीही त्यांचीच असतात. सासूबाईंचं करायला लागतं, लहान मूल आहे, तर तास नाही मिळणार, तेव्हा प्रसंग तोंडी रेकॉर्ड करा (१२ बघा).

६. मी मुंबईत नोकरी करतो, गावी गेल्यावर शांतपणे लिहावं असा प्लॅन असतो पण परत येताना वही कोरीच. काय करू?

गणपतीला आणि शिमग्याला गावी लिहायचा प्लॅन करूच नका. तिथे भजनं आहेत, आरत्या आहेत, पालखी आहे, भावकीच्या बैठका आहेत, त्या सोडून खोलीत बसलात तर जे लिहायचंय तेच बाहेर चुकवाल. गावी गोळा करायचं आणि मुंबईत लिहायचं. वाडीत कोण कुणाशी बोलत नाही, यंदा देवघर कुणाकडे, पालखी कुठल्या दारात आधी थांबते आणि त्यावरून कोण रुसतं, हे टिपून घ्या. लोकलमधे उभ्याने होत नाही हे मान्य, पण परतीच्या कोकणकन्येत किंवा तुतारीत बर्थ मिळाली असेल तर रत्नागिरी ते पनवेल हा अखंड वेळ आहे, त्याच रात्री सगळं उतरवा. आठवड्याभराने फक्त गोळाबेरीज आठवते, बोलणं आठवत नाही.

७. सुरुवात झाली, शेवट माहीत आहे, पण मधेच अडकलोय. ऐंशी पानांनंतर काही घडतच नाही.

बहुतेक वेळा याचं कारण मागे असतं. सुलभाने सही नाकारली आणि तुम्ही तिला त्याची किंमतच मोजायला लावली नाही, म्हणून आता तिच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. नकारानंतरच्या पहिल्या गणपतीत काय झालं? ती गेली का? आरतीचं ताट तिच्यापर्यंत आलं का? मधल्या भागाला नवीन घटना लागत नाहीत, आधीच्या निर्णयाची वसुली लागते.

दुसरं कारण म्हणजे सगळं एकाच माणसाच्या डोळ्यातून चाललंय. मधल्या भावाकडे जा. तो मुंबईला आहे, त्याला बाग नकोच आहे, त्याला फक्त भांडण मिटायला हवंय आणि तोच दोन्हीकडे वेगवेगळं बोलतोय. एक प्रकरण त्याचं लिहिलंत की गाठ दिसते.

हे करूनही हललं नाही तर अडलेली जागा सोडून शेवटाआधीचा प्रसंग लिहा. तिथल्या माणसांना काय काय माहीत आहे ते बघा, मधे काय घडायला हवं ते त्यातून कळतं.

८. माझी गोष्ट जुन्या काळातली आहे. वर्ष पक्कं करायलाच हवं का, 'फार पूर्वी' चालत नाही का?

कोकणात वर्ष बदललं की प्लॉटच बदलतो, म्हणून पक्कं करा.

सुलभाचंच घ्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली आली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तिचा फायदा नव्हता. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर लग्न कधी झालं हा मुद्दा उरला नाही. म्हणजे सुलभाचं लग्न १९९० चं असेल तर १९९६ सालचं तिचं भांडण आणि २००६ सालचं भांडण यात तिचं बळ वेगळं आहे, भाऊ तिच्याशी बोलतील तो सूरही वेगळा असेल. (वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारसाहक्क होताच, त्यामुळे बाग कुणी लावली हेही ठरवून ठेवा.)

बाकी नेहमी लागणाऱ्या गोष्टी: १ मे १९८१ च्या आधी सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, मालवणचा माणूस 'रत्नागिरी जिल्हा' म्हणायचा, आणि रायगडला तेव्हा कुलाबा म्हणत. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूपर्यंत पूर्ण सुरू झाली ती जानेवारी १९९८ मधे, त्याआधी मुंबईहून येणारा माणूस एसटीने रात्रभर घाट उतरत यायचा, आणि अजून मागे गेलात तर बोटीने, ती बोटही पावसाळ्यात बंद. आता बघा, १९५५ च्या जुलैत आई आजारी आहे अशी तार मुंबईला गेली तर मुलगा किती दिवसांनी पोचेल? तुमचं अख्खं प्रकरण तिथे आहे. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, कसेल त्याची जमीन म्हणून कुळांना जमिनीचा मालक मानलं ती तारीख १ एप्रिल १९५७, आणि कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे. जमिनीवरची गोष्ट असेल तर १९५७ च्या अलीकडे की पलीकडे हे आधी ठरवा.

शोधायला जागा आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. जुनं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, मिळतं, रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे. पण वाचनातच वर्ष घालवू नका. जेवढं पात्राला माहीत असेल तेवढंच तुम्हाला लागतं, बाकीचं नंतर भरता येतं.

९. मालवणी किंवा संगमेश्वरीत लिहिलं तर घाटावरच्या वाचकाला कळेल का?

संवाद बोलीत, निवेदन प्रमाण मराठीत, हे बहुतेकांना झेपतं. 'माका म्हायत नाय', 'तू खंय चललंस?' हे कुठल्याही मराठी माणसाला संदर्भाने कळतं. कंसात अर्थ देऊ नका, वाचक लगेच बाहेर फेकला जातो. फक्त सगळ्यांना एकसारखी बोली देऊ नका. सुलभाची आई पूर्ण मालवणी बोलेल, मुंबईचा भाऊ गावी आल्यावर पहिल्या दिवशी मुंबईचं बोलेल आणि भांडताना एकदम मालवणीवर येईल. तेवढ्यावरून तो किती चिडलाय ते कळतं, वेगळं सांगायला नको. लिहिलेलं मोठ्याने वाचून गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा, ते लगेच चूक सांगतात. पूर्ण कादंबरी बोलीत लिहायची असेल तर जरूर लिहा, पण मग अर्धवट नको.

१०. देवाला विचारून घेतलेला कौल, देवापुढचं गाऱ्हाणं, गावाची राखण करणारा अदृश्य राखणदार हे प्लॉटमधे आणू का? खोटं वाटेल का?

आणा, आपल्याकडे ते रोजच्या जगण्यातलंच आहे. एकच पथ्य पाळा. कौलाने तिढा सोडवायचा नाही, वाढवायचा. देवाने उजवा, म्हणजे होकाराचा कौल दिला आणि सगळे शांत झाले, असं झालं की माणसांचा निर्णय गेला (२ बघा). उलट कौल थोरल्याच्या बाजूने पडला आणि गाऱ्हाण्यात सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले, फक्त सुलभा म्हणाली नाही, तर आता ती भावांच्याच नाही, सगळ्या गावाच्या समोर उभी आहे.

११. गोष्ट माझ्याच घरातली आहे, आणि केस अजून कोर्टात चालू आहे. लिहू का?

लिहा. छापायची घाई करू नका.

नुसती नावं बदलून भागत नाही. आपल्याकडे आडनावावरून गाव कळतं, गावावरून वाडी, आणि वाडीत तीन भाऊ एक बहीण असं घर एकच असतं. भावंडांची संख्या बदला, तालुका बदला, आंब्याची बाग असेल तर काजू करा किंवा मच्छीमाराचं घर करा. हे बदलताना प्लॉट कधीकधी सुधारतोही, कारण खरं घडलं तसंच मांडायची सक्ती जाते. 'पण असंच झालं होतं' हे कारण वाचकाला पुरत नाही.

केस चालू असेल तर तुमच्या पात्राच्या तोंडचं वाक्य उद्या समोरचा वकील काढून दाखवेल, ही शक्यता धरा. खर्डा तयार ठेवा आणि छापण्याआधी तुमच्या वकिलाला दाखवा. आणि ज्यांच्यावर लिहिताय त्यातलं कुणी म्हातारं असेल, जसं सुलभाच्या उदाहरणात आई, तर ते माणूस हयात असेपर्यंत थांबायचं का, हा प्रश्न कायद्याचा नाही. मी थांबले असते. पण दुसऱ्या कुणी थांबावंच असं मी म्हणणार नाही.

१२. लॅपटॉप नाही, पावसात लाईट चार-चार तास नसते. फोनवर कादंबरी होते का?

होते. गुगल डॉक्समधे युनिकोडात लिहा, ऑफलाईन सुरू करून ठेवा, रेंज आली की आपोआप सेव्ह होतं. बोटं दुखत असतील तर जीबोर्डच्या (गुगलच्या कीबोर्डच्या) माईकवर मराठीत बोलून टाईप होतं, प्रमाण मराठी बरं पकडतं, मालवणी नीट पकडत नाही, ती नंतर हाताने दुरुस्त करावी लागते. लाईट गेली की वही. वहीची पानं त्याच आठवड्यात फोनने फोटो काढून ठेवा, पावसाळ्यात वह्यांना बुरशी येते आणि पागोळीखाली राहिली तर शाई पसरते. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करा, फोनवर शंभर पानांची एकच फाईल उघडायला फार वेळ खाते.

१३. सहा-आठ महिने हातच लागला नाही, आता पहिल्यापासून वाचू का?

नको. पहिल्यापासून वाचायला बसलात की दुरुस्त करत बसाल आणि पहिलं प्रकरण दहाव्यांदा चांगलं होईल. शेवटची दहा पानं वाचा, ३ मधल्या तीन गोष्टी परत नव्याने लिहा, जुना कागद न बघता. मधल्या काळात तुमचं उत्तर बदललं असेल तर नवीन उत्तर धरून पुढे जा, मागचं नंतर जुळवता येतं.

१४. शेवट सुचत नाही. सगळ्यांना एकत्र आणू का?

गणपतीला सगळं घर एकत्र आलं आणि मिटलं, हा शेवट माझ्याकडे खूप येतो. मिटू दे, पण कुणीतरी काहीतरी सोडलं म्हणून मिटू दे. सुलभाने बाग सोडली का, की थोरल्याने तिच्या वाट्याची कलमं मोजून वेगळी केली? काहीच सोडलं नसेल तर ते मिटलेलं नाही, पुढच्या वर्षी परत निघेल, आणि तसाही शेवट करता येतो.

१५. कादंबरी किती शब्दांची हवी, आणि अर्धी झाली असताना दिवाळी अंकाला तुकडा देऊ का?

छापील पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, त्यामुळे पन्नास हजार शब्दात दोनशे पानांच्या आत-बाहेरचं पुस्तक होतं. पहिल्यासाठी पुरे आहे.

दिवाळी अंकांचं साहित्य उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला मागवतात, म्हणजे बरोबर तुमच्या लिहायच्या दिवसात. म्हणून अर्धवट कादंबरीतला तुकडा तोडून द्यायला मी नको म्हणते, तो स्वतंत्र वाचता यावा म्हणून तुम्ही त्याला शेवट लावता आणि मग तोच शेवट कादंबरीत आडवा येतो. पहिला खर्डा पूर्ण झाला असेल तर द्या. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण अंकाकडून फक्त एकदा छापायची परवानगी दिली असं मेलवर लेखी घ्या, आणि पुढे प्रकाशकाला आधीच सांगा की यातलं एक प्रकरण छापून आलंय.